डिस्लेक्सिया: रेमेडियल आठवड्यातून दोन तास, बाकीचा आठवडा कोणाचा?

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट येते, मूल अक्षरं उलटी लिहितं. अहो, उलटी अक्षरं पहिली-दुसरीतली बरीच मुलं लिहितात आणि पुढे आपोआप सुटतं ते, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरवू नका. खरी गाठ आहे आवाजांची. मुलाला डोळे मिटायला सांगा आणि विचारा, "कपाट मधला क काढला तर काय राहिलं?" सहा-सात वर्षांची बरीच मुलं थोडा विचार करून "पाट" म्हणतात, पण डिस्लेक्सिया असलेलं मूल इथेच अडकू शकतं. समोर पुस्तक नाही, फळा नाही, तरी अडकतं. म्हणजे भानगड डोळ्यांत नाहीये. (हा एक प्रश्न म्हणजे टेस्ट नव्हे हं, यावरून घरबसल्या निकाल लावत बसू नका.)

बोलायला मूल ऐकून ऐकून शिकतं, कोणी क्लास लावत नाही. वाचनाचं तसं नाही. माणसाला लिपी सापडून पाचेक हजार वर्षंच झालीत, त्यामुळे मेंदूत वाचनासाठी म्हणून जन्मापासून तयार अशी सोय नसते, बघण्याचे नि ऐकण्या-बोलण्याचे भाग एकमेकांना जोडून घेऊन मेंदू ते काम भागवतो, आणि डिस्लेक्सियात ही जोडणी वेगळी आणि हळू होते. शब्दाचे आवाज सुटे करायचे, ते अक्षरांना लावायचे, परत जुळवायचे, हे बाकीच्यांना न कळत होतं आणि या मुलांना दर शब्दाला मुद्दाम करावं लागतं. गाडी शिकताना पहिल्या दिवशी क्लच, गिअर, आरसा सगळं आठवून आठवून करतो ना, तसं यांचं तिसरी-चौथीतही चालू असतं. मग परिच्छेद संपेपर्यंत मूल दमून जातं, आणि घरचे म्हणतात मोबाईल द्या मग बघा कसा दोन तास बसतो, आळशी आहे नुसता. बुद्धीशी याचा काही संबंध नाही. तोंडी विचारा, पटापट उत्तरं येतात.

आपली मराठी इंग्रजीपेक्षा यात बरी, कारण आपण बहुतेक जे लिहितो तेच वाचतो. पण आपल्या लिपीचे स्वतःचे खाचखळगे आहेत. 'किरण' मधली वेलांटी क च्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. उकार खाली, मात्रा वर. र ची तर तऱ्हाच न्यारी, 'सूर्य' मधे डोक्यावर, 'प्रकाश' मधे पोटात, 'राष्ट्र' मधे पायाशी, आणि 'तऱ्हा' मधे अजून चौथाच. त्यात घ-ध, भ-म, ब-व ही जुळी भावंडं. एका तिसरीतल्या मुलाला 'शर्यत' वाचताना मी बघितलंय. "श... य... शय... शयत..." असं करत तो थांबला, वर काढलेल्या सशाच्या चित्राकडे बघितलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे, आणि ठोकून दिलं, "ससा पळाला." वर्ग हसला. गोष्ट मात्र त्याला अख्खी माहीत होती, कासव कसं चालतं हे साभिनय सांगितलं असतं त्यानं, पण ते कोणी विचारलं नाही.

आता डिस्लेक्सिया ही एका मोठ्या छत्रीतली एक काडी आहे. लिहिण्यातल्या अडचणीला डिसग्राफिया म्हणतात, गणितातल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया, आणि सगळ्याला मिळून अध्ययन अक्षमता, जिला शाळेत-दवाखान्यात सगळे नुसतं 'एलडी' म्हणतात. शाळेच्या वयाच्या मुलांमधे हे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के धरलं जातं. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर दोन ते सहा मुलं झाली ही. म्हणजे "आमच्या शाळेत असं कोणी नाही" असं मुख्याध्यापक छातीठोकपणे सांगत असतील तर एवढंच समजायचं की अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

आणि हे घराण्यात चालतं. मुलाच्या असेसमेंटच्या वेळी काऊन्सेलर आई-बाबांना त्यांच्या शाळेबद्दल विचारतात, तेव्हा बऱ्याचदा बाबा गप्प होतात आणि मग हळूच म्हणतात, मला पण वाचायला उभं केलं की घाम फुटायचा, मास्तरांचा मार खाल्लाय भरपूर. तोपर्यंत "मी शिकलोच ना मार खाऊन, हा का नाही शिकणार" म्हणणारे हेच बाबा असतात. त्या दिवसानंतर घरातलं वातावरण बदलतं बऱ्याच ठिकाणी. सगळीकडे नाही.

टेस्टचं थोडक्यात सांगते, कारण इथे लोक फार भटकतात. आधी बालरोगतज्ज्ञ बघतात, डोळे आणि कान तपासून घेतात, कारण ऐकू कमी येत असेल तरी वाचन अडतं. मग सायकॉलॉजिस्ट आयक्यू टेस्ट घेतात. मग वाचन, लेखन, गणित कुठल्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते बघायच्या टेस्ट, त्यात बंगलोरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं बनवलेली बॅटरी (म्हणजे टेस्टचा संच) आपल्याकडे जास्त चालते. चाळणीसाठी 'दाली' म्हणून एक साधन आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेलं, आणि ते हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजीतून टेस्ट घेऊन काय हाती लागणार? त्याला डिस्लेक्सिया आहे की इंग्रजी येत नाही हेच कळणार नाही.

दहावी-बारावीच्या सवलतींसाठी लागतं ते एलडीचं सर्टिफिकेट सहसा आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या निकषांप्रमाणे ते चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी परत करायचं, अठराव्या वर्षीचं मग कायमचं. पण आठ वर्षांपर्यंत हात बांधून बसायचं असं नाही, सर्टिफिकेट आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मदत बालवाडीपासून चालू करता येते. मुंबईत सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांमधे एलडी क्लिनिक आहेत, आणि बोर्डाला खासगी रिपोर्ट चालत नाही, अशा ठरवून दिलेल्या हॉस्पिटलचंच लागतं, हे लोकांना दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी कळतं, तेव्हा नंबर लागायला महिने जातात आणि सगळ्यांची पळापळ होते.

कायदा आपल्या बाजूनं आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ७ प्रकार होते, त्यात एलडी नव्हतंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले आणि त्यात हे आलं. त्याच कायद्याच्या कलम १६ मधे शाळांवर जबाबदारी टाकली आहे की अशी मुलं लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्याची पद्धत त्याप्रमाणे बदला. शाळेशी बोलायला जाताना त्या कलमाची प्रिंट जवळ ठेवा. भांडायला म्हणून नाही, पण जवळ ठेवा.

तर टेस्ट झाली, सर्टिफिकेट आलं, रेमेडियल, म्हणजे वाचन-लेखनाचे खास वेगळे तास, चालू झालं. स्पेशल एज्युकेटर आवाज, अक्षर आणि हात एकत्र वापरून शिकवतात, वाळूत बोटानं गिरवायचं, मोठ्यानं म्हणायचं, टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, ठरलेल्या क्रमानं, एकेक पायरी. या पद्धतीचं मूळ अमेरिकेत १९२०-३० च्या काळात सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी केलेल्या कामात आहे आणि अजून सगळे त्याच वाटेनं जातात. उपयोग होतो, नक्की होतो. पण हे आठवड्याला किती? दोन तास, फार तर तीन, आणि त्यालाही पैसे मोजावे लागतात. उरलेल्या आठवड्यात मूल असतं वर्गात, रिक्षात, ट्यूशनमधे, बिल्डिंगखाली, आजीसमोर. तिथे कोण काय बोलतं, कोण काय वाचायला लावतं, यावर त्या दोन तासांचं काय होणार ते ठरतं. आणि आपल्याकडे हा सगळा उरलेला आठवडा एकट्या आईच्या गळ्यात असतो. तीच ओपीडीच्या लायनीत, तीच शाळेत बाईंच्या विनवण्या करणार, तीच रात्री पाठ वाचून दाखवणार, आणि सासरी ऐकणार पण तीच, की तू लाडावून ठेवलंयस. मला विचाराल तर कम्युनिटी सपोर्ट वगैरे मोठे शब्द आहेत ना, त्याचा अर्थ एवढाच, की आईच्या डोक्यावरचं यातलं कोणतं ओझं कोण उचलणार.

संस्था आहेत, आणि त्यांनीच ही वाट पाडलीय. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईत १९९६ पासून आहे, टेस्टिंग, रेमेडियल, शिक्षकांचं ट्रेनिंग सगळं करते. दहावी-बारावीच्या ज्या सवलती आज आपण हक्कानं मागतो त्या महाराष्ट्रात लवकर आल्या, त्यामागे पालक, डॉक्टर आणि अशा संस्थांनी मंत्रालयात घातलेले हेलपाटे आहेत. पण संस्था मुंबईत आणि आपण अंबरनाथला किंवा अंबाजोगाईला, तर रोजच्या रोज उपयोगाला येतो तो आसपासच्या पालकांचा ग्रुप. दहा-बारा घरं पुरतात.

असा ग्रुप करतो काय? पहिलं म्हणजे माहिती, ती पण एकदम बारीकसारीक. कुठल्या ओपीडीला कुठल्या वारी नंबर लागतो, किती वाजता पोचायचं, केसपेपरबरोबर शाळेचं पत्र लागतं आणि त्यावर शिक्का लागतो (शिक्का नसला की परत पाठवतात), प्रगतीपुस्तकांच्या झेरॉक्स, मुलाच्या वह्या. वह्या न्यायच्याच, आणि चुकांनी भरलेल्या न्यायच्या. कौतुकानं फेअर करून आणलेली वही डॉक्टरांच्या काही कामाची नाही.

दुसरं, पाठ वाचून दाखवणं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधे फुकट मिळतात, तर एका ग्रुपनं काय केलं, सातवीच्या इतिहासाचे, विज्ञानाचे पाठ घराघरात वाटून घेतले आणि व्हॉइस नोट करून टाकले. एकीचे सासरे निवृत्त तलाठी, त्यांनी शिवकाळ असा काही वाचला की ज्यांच्या मुलांना एलडी नाही तेही मागायला लागले. मूल पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवतं आणि कानानं ऐकतं, विषय डोक्यात जातो, वाचनापायी इतिहास बुडत नाही. आजी-आजोबांना यात घेतलं की अजून एक गोष्ट होते, "वाचत नाही मेला" हे वाक्य घरातून कमी होतं, कारण नातू ऐकून किती लक्षात ठेवतो हे त्यांनी स्वतः बघितलेलं असतं.

तिसरं काम नको ते थांबवणं. रंगीत काचांचा चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचा वीकेंड कोर्स, स्मरणशक्तीचं सिरप, आई-बाप काकुळतीला आले की हे सगळं दारात येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मधेच एकत्र सांगितलंय की डिस्लेक्सियासाठी डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचा यांना शास्त्रीय आधार नाही. ग्रुपवर कोणी असली जाहिरात टाकली की हे शांतपणे सांगणारं एक तरी माणूस हवं. शांतपणे बरं का, कारण टाकणाऱ्यानं बहुतेक आधीच पैसे भरलेले असतात.

"आइनस्टाईनलाही डिस्लेक्सिया होता" हा फॉरवर्ड पण बंद करा प्लीज. त्याला होता असं कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि असता तरी आपल्या पोराचं काय? आधी ढ म्हणून मार, आता जिनियस का नाही म्हणून टेन्शन. त्याला बस नंबर वाचता आला, व्यवहारातला फॉर्म भरता आला, आवडेल ते काम मिळालं, एवढं भरपूर आहे.

शाळेचं म्हणाल तर सगळ्या वर्गशिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, साठ मुलं, वरून माहिती भरायची कामं, बीएडला यातलं फारसं शिकवलेलं नाही. पण काही गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही. न सांगता अचानक उभं करून वाचायला लावायचं नाही, वाचायचंच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवायचा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला शेजारच्याच्या वहीचा फोटो चालवायचा. शुद्धलेखनाचे लाल गोळे एका पानावर दहा नाही, दोन. वर्गात पेपर मोठ्यानं मार्कांसकट वाटायचे नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी हे सगळं ऐकून म्हटलं, हे तर सगळ्याच मुलांना चालेल की. हो, चालेल.

एका शाळेनं मात्र माझ्या बहिणीला सरळ सांगितलं की तुमच्या मुलामुळे आमचा रिझल्ट खाली येतो, दाखला घेऊन जा. असं झालं तर एकटीनं जाऊ नका. अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते, शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला लागतात, तिथे अर्ज द्या, पोच घ्या, आणि सोबत दोन पालक न्या. तीन माणसं समोर बसली की ऑफिसातली भाषा बदलते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गावाकडे काय? तिथे क्लिनिक नाही, रेमेडियल टीचर नाही, ग्रुपही नाही. पण एक सरकारी धागा आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मधे तो सुरू झाला तोच मुळी आपल्या पालघरमधून. त्याची डॉक्टरांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि त्यांच्या तपासायच्या तीस गोष्टींच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे. पण दिवसभरात एवढी मुलं बघायची तर दात, रक्त कमी, डोळे यावर काम उरकतं, वाचनाचं कोण विचारणार? म्हणून टीम यायच्या दिवशी गुरुजींनी किंवा आईनं नाव पुढे करायचं, वही दाखवायची, आणि जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान केंद्राकडे चिठ्ठी मागून घ्यायची. मागितली तर मिळते. शिवाय समग्र शिक्षा या सरकारी योजनेत तालुक्याला विशेष शिक्षक असतात, ते शाळांना भेटी देतात, केंद्रप्रमुखांना विचारलं की त्यांचा वार कळतो.

भावंडांकडेही लक्ष असू द्या. घरातला सगळा वेळ एका मुलाकडे जातो आणि धाकटी शहाणी म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही, वर तिनंच दादाचा अभ्यास घ्यायचा. दादालाही ते खातं. अभ्यास घ्यायला शेजारची कॉलेजातली ताई चालेल, पाठची बहीण नको.

सवलतींमधे अजून एक कडू गोळी आहे. बोर्डात एक भाषा सोडून त्याऐवजी कार्यशिक्षणासारखा विषय घेता येतो, आणि इंग्रजी माध्यमातली बरीच मराठी घरं सोडतात ती मराठी. कागदावर सोडावी लागली तर सोडा, पोराचा जीव महत्त्वाचा, पण मग घरातही कोणी मराठीत गोष्ट सांगत नाही, सगळं बंद, याला काही कारण नाही. डिस्लेक्सियाची अडचण वाचण्या-लिहिण्यात आहे, आजीच्या भुताच्या गोष्टीत नाही.

आणि शेवटी रायटर, म्हणजे परीक्षेत मूल तोंडी सांगेल ते लिहून देणारा. बाकी सगळं जमतं आणि इथे गाडं अडतं. सर्टिफिकेट असलं की तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास, आणि गरज असेल तर लिहायला रायटर. पण रायटर खालच्या इयत्तेचा लागतो, दहावीला नववीचा किंवा त्याखालचा. आता नववीतलं मूल, ज्याची स्वतःची वार्षिक तोंडावर आलीय, त्यानं फेब्रुवारी-मार्चमधे सगळे पेपर दुसऱ्यासाठी तासन्‌तास बसायचं, कोणाची आई हो म्हणेल? म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीतच करायचं. ग्रुपमधल्या नववीच्या मुलांची यादी करा, एका परीक्षार्थीला एक मुख्य आणि एक राखीव, राखीव लागतोच कारण मार्चमधे कांजिण्या येतात. मुलाला विचारायच्या आधी त्याच्या आईला विचारा. दोघांना आधी तीन-चार जुने पेपर एकत्र लिहायला बसवा, कारण तोंडी सांगून लिहून घेणं हे एक कसबच आहे, "नवीन ओळ", "इथे टिंब", "हे खोड" हे सांगायची सवय नसते, आणि काही रायटर मुलं उत्तर माहीत असलं की सांगितलेलं न ऐकता स्वतःचंच लिहायला लागतात, ते चालत नाही हे आधीच स्पष्ट सांगायचं. आयडी, शाळेचं पत्र, दोन फोटो शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत गेलेत ना ते स्वतः जाऊन विचारायचं. पेपरच्या दिवशी रायटरला न्यायला-आणायला रिक्षा परीक्षार्थीच्या घरच्यांची, डबा पण त्यांचाच, आणि संध्याकाळी त्याचा नववीचा जो पाठ बुडाला त्याची व्हॉइस नोट ग्रुपमधल्या कोणीतरी त्याला पाठवायची.